भोंग्याची तार

आई घाबरट होती. घरात हे कुणी लपवत नव्हतं, तीसुद्धा नाही. विम्याच्या कचेरीत ती दिवसभर लोकांचे अपघात वाचायची. कुणाचं स्वयंपाकघर पेटलेलं, कुणाचा पंखा पलंगावर पडलेला, कुणाची उभी केलेली गाडी उतारावरून घरंगळत शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात शिरलेली. असं वाचून वाचून माणूस घरी आल्यावर गॅसचं बटण दोनदा बघणार नाही तर काय करणार?

बाबांच्या थोरल्या बहिणीला हे पटत नसे. ती तिला भागूबाई म्हणायची. भित्री भागूबाई म्हणण्याचेही कष्ट नकोत, नुसतं भागूबाई. आत्या लोकांना मोटार चालवायला शिकवत असे. घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसून “काही होत नाही, सोडा ब्रेक,” म्हणण्यात तिची वीस-बावीस वर्षं गेली होती. त्यामुळे भीती हा तिच्या लेखी नवशिक्यांचा आजार होता, सरावानं बरा होणारा.

अशा घरात बाबांनी एक जुनी बोट घेतली.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. काच घासणं, दांडीचा स्क्रू पिळणं, नाकावरची जागा नीट बसवणं, ही बारीक कामं त्यांना जन्मजात यायची, आणि बोट म्हणजे अशाच हजार बारीक कामांचं एक मोठं गाठोडं असतं. शहराबाहेरच्या मोठ्या तलावात ती उभी असे. मागे चार-पाच जणांना बसायला उघडी जागा, त्या बैठकीखाली इंजिन, आणि पुढे दोन पायऱ्या उतरून एक ठेंगणी केबिन. केबिनमध्ये दोन अरुंद पलंग आणि छताला एक छोटी खिडकी. उभं राहायला गेलं की डोकं आपटायचं. फक्त खारू तिथे ताठ उभी राहू शकत असे. खारू म्हणजे या घरातली एकुलती एक लेक. लहानपणी हातात येईल ते कुरतडायची म्हणून खारूताई, आणि नऊ वर्षांची झाली तरी तेच नाव.

बोट कितीही चांगली असली तरी तिच्या पोटात थोडं पाणी उतरतंच. कुठून लाट उडते, कुठून थेंब झिरपतो. ते सगळं जमिनीच्या फळ्यांखालच्या पोकळीत जमतं. तिथे एक छोटा पंप बसवलेला असतो. पाणी जरा वाढलं की तो आपोआप सुरू होऊन ते बाहेर फेकतो, आणि जोडीला एक भोंगा वाजतो, म्हणजे माणसांनाही कळावं. साधी, शहाणी व्यवस्था आहे. पण आईला त्या भोंग्यानं जेरीस आणलं होतं. जुना भोंगा तो, चार भांडी पाणी जमलं तरी बोंबलायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत खारूची शाळेतली मैत्रीण बोटीवर आली होती. भर तलावात भोंगा वाजला. आईनं “बुडतोय आपण” असं ओरडून सगळ्यांना लाइफ जॅकेटं चढवली, मैत्रिणीला छातीशी धरलं आणि धक्क्यावरच्या माणसाला फोन लावला. तो जोरात लाँच घेऊन आला. फळी उचलून बघतात तर जेवणाच्या खोक्यातला बर्फ वितळून तळाशी गेलेला. धक्क्यावर बसलेली सगळी मंडळी हसली. मैत्रिणीनं ही गोष्ट वर्गात सांगितली आणि शाळा सुरू झाल्यावर खारूला पोरं बुडबुड म्हणायला लागली.

त्यानंतर घरात दोन गोष्टी झाल्या.

एक, बाबांनी एका रविवारी एकटे जाऊन भोंग्याची तार कापली. बायकोची चेष्टा होते हे त्यांना आवडत नव्हतं. ते स्वतः तिला कधी हसले नव्हते. भोंगाच नसला तर ती घाबरणार नाही, आणि ती घाबरली नाही तर कुणी हसणार नाही, असा त्यांचा सरळ हिशोब. बोट त्यांच्याआधी कुणाकुणाकडून फिरून आली होती आणि कुठल्याशा मालकानं पंप आणि भोंगा एकाच तारेवर जोडून ठेवले होते. बाबांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी तारेच्या टोकाला नीट चिकटपट्टी गुंडाळली, फळी परत बसवली आणि घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट खारूनं केली. पुन्हा बोटीवर जायचं ठरलं त्या सकाळी आई अंडी उकडत होती. खारू ओट्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, की आज दिवसभर तू पाणी आलं म्हणायचं नाही, बुडतोय म्हणायचं नाही, काही म्हणजे काही म्हणायचं नाही. तिचे डोळे भरून आले होते. पोर हट्ट करत नव्हती, हात जोडत होती. आईनं गॅस बंद केला, ओले हात पुसले आणि कबूल केलं. आत्यानं मागून टोमणा मारला की भागूबाईनं शब्द पाळला तर मी मिशा ठेवीन. आई हसली, पण शब्द दिला तो तिनं मनापासून दिला होता.

दुपारी बाबांनी तलावाच्या एका शांत फाट्यात, खडकाळ काठापासून बऱ्याच अंतरावर नांगर टाकला आणि इंजिन बंद केलं. वारा नव्हता. पाव, अंडी, काकड्या असं जेवण झालं. जेवताना आत्या आईकडे बघून ओठांवर बोट ठेवायची आणि खारू फिसकन हसायची. मग खारू गोष्टीचं पुस्तक घेऊन केबिनमध्ये गेली. आत्या सारखी येऊन गुदगुल्या करते म्हणून तिनं दाराला आतून कडी घातली, लाइफ जॅकेट काढून उशाला घेतलं आणि पुढच्या टोकाच्या पलंगावर आडवी झाली. बाबा मागच्या बैठकीवर तोंडावर टोपी घेऊन झोपले. आत्या अगदी मागे, पाण्यात उतरायच्या पायरीवर पाय सोडून बसली. आई मधे खाली बसली होती, जॅकेट घालून. जॅकेट ती काढत नसे, आणि जॅकेटबद्दल आज काही करार झाला नव्हता.

इंजिनाला थंड ठेवायला तलावाचंच पाणी लागतं. त्यासाठी बोटीच्या तळाला एक भोक असतं आणि त्याला एक रबरी नळी जोडलेली असते. त्या दुपारी, सगळे स्वस्थ बसले असताना, नळीचा गंजलेला पट्टा तुटला आणि नळी भोकावरून निसटली. आवाजसुद्धा झाला नाही. तलाव आत यायला लागला.

आईला पहिल्यांदा टाचेखाली गारवा लागला.

फळ्यांवर जुना गालिचा होता. तिनं टाच उचलली, तळवा लावून पाहिला. ओलसर. नेहमी ती एवढ्या ओलीवरही ओरडायची. आज तिनं आधी बर्फाच्या खोक्याकडे पाहिलं. खोकं तिच्या बाजूलाच होतं. बर्फ वितळला असेल. मागच्या वेळीही बर्फच होता. आणि भोंगा वाजला नव्हता. चार भांड्यांना बोंबलणारा भोंगा गप्प आहे, म्हणजे खाली काही नाही.

ती थोडी सरकून कोरड्या जागी बसली.

थोड्या वेळानं तीही जागा ओली लागली. फळ्यांखालून एक आवाज येत होता, भरलेली बादली कुणी सावकाश हलवावी तसा. तिनं केबिनच्या दाराकडे पाहिलं. दारामागे पानं उलटल्याचा आवाज आला. खारू वाचत होती, निवांत होती. बऱ्याच दिवसांनी पोर आपल्याबरोबर अशी निवांत आहे, हेही तिच्या मनात येऊन गेलं. ओठांवर आलेलं वाक्य तिनं गिळलं.

मग पाण्याची रिकामी बाटली आपसूक घरंगळत मागे गेली, बाबांच्या बैठकीला टेकली आणि तिथेच राहिली. बोट हलली की बाटलीनं इकडेतिकडे जायला हवं. ही परत आलीच नाही.

मागून आत्या म्हणाली, “पाणी चढलंय का गं? मघाशी घोट्यापर्यंत होतं, आता गुडघे भिजले.” ती मजेत बोलत होती. अजून तिला काही कळलं नव्हतं.

आई उठली आणि बाबांच्या तोंडावरची टोपी काढली.

“अहो, उठा,” ती हळूच म्हणाली. “फळी उचला.”

तिचा आवाज इतका लहान होता की बाबा त्या आवाजालाच घाबरून उठले. त्यांनी गालिचा खेचला, फळी उचलली. फळीखाली पोकळी दिसायला हवी होती. तिथे काळं, तेलकट पाणी फळीच्या बरोबरीनं उभं होतं, आणि ते फुगत होतं. बाबांनी पंपाचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, मग दाबतच राहिले. इंजिनाची किल्ली फिरवली. इंजिन अर्धं पाण्यात होतं, खोकलंसुद्धा नाही. त्यांनी बाहीसकट हात आत घातला, तोंड पाण्याला लागेपर्यंत वाकले, आणि ज्या हातांना केसाएवढा स्क्रू अंधारात सापडत असे त्या हातांना तळाचं भोक सापडेना. इंजिन मधे येत होतं.

“भोंगा मी काढला होता,” ते तसेच वाकलेले असताना म्हणाले. “तुला त्रास होतो म्हणून. पंप पण त्याच्यावरच असणार. मला माहीत नव्हतं गं.”

आईनं ऐकलं, पण ते मनात शिरायला तिथे जागा नव्हती. आत्यानं धक्क्यावरच्या माणसाला फोन लावला होता आणि कोणता फाटा, कोणते खडक ते सांगत होती, एका हातानं खोक्याच्या झाकणानं पाणी उपसत. आई दोन पायऱ्या उतरून केबिनच्या दाराशी पोहोचली होती.

“खारू, दार उघड.”

पान उलटल्याचा आवाज थांबला. “का?”

“बोटीत पाणी आलंय. जॅकेट घाल आणि दार उघड.”

मग खारूचा आवाज आला, रडवेला आणि चिडलेला. “तू कबूल केलं होतंस.”

आईचा हात दारावर होता, तो तिथेच थिजला. आयुष्यभर तिनं जितक्या वेळा घाबरून हाका मारल्या होत्या, त्या सगळ्या जणू त्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आता ती जितक्या जोरात ओरडेल तितकी ती पोर कान घट्ट झाकेल. खारू खरोखरच पुढे म्हणाली, की मी ऐकणार नाही, मी उशी कानावर घेतलीये.

पाणी पहिल्या पायरीवर आलं.

आईनं कपाळ दाराला टेकवलं. ओरडायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. रोज संध्याकाळी खारूची गणितं सोडवून घेताना ती जशी बोलायची तशी ती बोलायला लागली. “बरं. माझं ऐकू नकोस. तू स्वतः बघ. पलंगावरूनच बघ, उतरू नकोस. दाराकडे जमीन कशी दिसतेय, तेवढं सांग मला.”

आत पलंगाची फळी करकरली. मग खारू अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, “आई. माझी चप्पल तरंगतेय.”

“हं. आता ये, कडी काढ.”

पाण्यात पाय टाकल्याचा आवाज आला, हुंदका आला, आणि लोखंडाची खटपट. कडी दाराच्या खालच्या अंगाला होती, आता पाण्याखाली. आतल्या पाण्याचा भार दारावर येत होता आणि दाराचा भार कडीवर. खारू म्हणत होती की हलत नाहीये, हलत नाहीये. आईनं बाहेरून दार आत रेटलं, म्हणजे कडी मोकळी होईल. दार जरासुद्धा सरकलं नाही. बाबा वल्हं घेऊन आले आणि फटीत घालून जोर लावला. वल्ह्याचं टोक मोडलं. त्या हिसक्यानं बोट मागे आणखी खाली बसली आणि तलावाची पहिली लाट सरळ कठड्यावरून आत आली. बाबा ओरडले, की वरची खिडकी, वरच्या खिडकीतून काढ तिला. ते स्वतः दारापासून हलले नाहीत. मोडक्या वल्ह्यानं ते फटीत घाव घालत राहिले.

आई केबिनच्या छतावर चढली. ज्या बाईला खुर्चीवर उभं राहून दिवा बदलायला भीती वाटायची, ती ओल्या, तिरक्या छतावरून पोटावर सरपटत पुढे गेली. बोटीचं पुढचं टोक वर उचललं जात होतं. खिडकीची काच जुनी, धुरकट झालेली. त्यातून खारूचा चेहरा पुसट दिसत होता, वर बघणारा, तोंड उघडं.

खिडकी आतूनच उघडत असे. तिला दोन फिरक्या होत्या.

“पलंगावर उभी राहा. शाब्बास. आता डाव्या हाताची फिरकी. तू घड्याळाला किल्ली देतेस ना, तशी नाही, उलटी फिरव.”

“घट्ट आहे.”

“असू दे. फ्रॉक धरून फिरव, हात घसरणार नाही.”

डावी फिरकी सुटली. उजवीला वेळ लागला. आई प्रत्येक वेळी फक्त पुढची एकच गोष्ट सांगत होती. खाली किती पाणी आहे हे तिनं विचारलं नाही. खारूच्या मागे केबिनचं दार तिला दिसत होतं. त्याचा वरचा अर्धाच भाग आता दिसत होता. दुसरी फिरकी सुटली आणि आईनं खिडकी उपटल्यासारखी वर उचलली. खारूनं हात वर केले, डोकं बाहेर काढलं आणि ती अडकली. तिनं शहाण्यासारखं जॅकेट घातलं होतं. जॅकेटचा जाड फुगा खिडकीत मावत नव्हता.

आईनं तिला परत आत ढकललं.

हे तिला पुढे कित्येक दिवस आठवत राहणार होतं, की आपण आपल्या हातानं लेकीचं डोकं परत आत ढकललं. खारू किंचाळली. आई म्हणाली, “जॅकेट काढ. आधी जॅकेट माझ्याकडे दे, मग तू ये.”

“तूच म्हणतेस काढायचं नाही. काही झालं तरी काढायचं नाही.”

“हो. मीच म्हणते. आणि आता मीच सांगतेय, काढ.”

पट्ट्याचे चाप खारूच्या ओल्या बोटांनी निघेनात. आईनं खिडकीतून दोन्ही हात खाली घातले, आंधळ्यासारखे चाप चाचपले, एक सोडवला, दुसरा सोडवला. जॅकेट बाहेर आलं. तिनं ते पुढच्या कठड्याच्या दांडीत अडकवलं, कारण दोन्ही हात मोकळे हवे होते. मग खारूचे दोन हात बाहेर आले, डोकं आलं, एक खांदा, दुसरा खांदा.

तेवढ्यात बोट उभी राहिली.

मागचं टोक पाण्याखाली गेलं आणि पुढचं आकाशाकडे उठलं, सावकाश, एखाद्या म्हाताऱ्या जनावरासारखं. खालून आत्याची हाक आली, की उडी मार, सोड बोट, उडी मार. आईनं उडी मारली नाही. लेक कमरेपर्यंत बाहेर होती. तिनं खारूच्या काखांत हात घालून, खिडकीच्या चौकटीला दोन्ही पाय लावून सगळा जोर ओढण्यात घातला. काहीतरी फाटलं, फ्रॉक असावा. आणि मग त्यांच्याखाली बोट उरलीच नाही.

पाण्याखाली हिरवा अंधार होता आणि विलक्षण शांतता होती. आईला पोहता येत नव्हतं. वर कुठे, खाली कुठे, हे तिला कळेना. जॅकेटला कळत होतं. त्यानं तिला वर आणलं. तिच्या मुठीत खारूचं मनगट होतं. खारू खोकत, ओरडत तिच्या खांद्यावर, मग डोक्यावर चढली, आणि आई पुन्हा खाली गेली. एक जॅकेट दोघींना पुरत नव्हतं. खारूचं जॅकेट दांडीला अडकलेलं होतं आणि दांडी बोटीबरोबर गेली होती. आई वर आली, अर्धा श्वास मिळाला, पुन्हा खाली गेली. मूठ सोडायची नाही, एवढाच विचार तिच्या डोक्यात उरला होता. श्वासाचाही नव्हता.

मग तिच्या डोक्यावरचा भार उचलला गेला.

आत्या पोहत आली होती. तिनं खारूला मागून धरून उताणं केलं, हनुवटी वर धरली. आत्या “काही होत नाही” म्हणाली नाही. ती धापा टाकत म्हणाली, “मला पण भीती वाटतेय, खारू, हलू नकोस.” आणि खारू हलायची थांबली.

बाबा जरा लांबवर वर आले. कपाळातून रक्त येत होतं आणि ते खारूचं नाव घेत पाण्यात गोल गोल फिरत होते. चष्मा गेला होता, त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. आईनं हाक मारली, की इकडे, सगळे इकडे आहोत. त्या हाकेच्या दिशेनं ते आले. बर्फाचं खोकं तरंगत होतं, त्याला चौघांनी धरलं. बोटीच्या जागी पाण्यावर तेलाचा एक रंगीत डाग पसरत होता आणि खालून बुडबुडे येत होते. खारूला ते बघवेनात, म्हणून आईनं तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

पाणी वर कोमट होतं आणि खाली, पायांना, बर्फासारखं. हळूहळू खारूचे ओठ निळे व्हायला लागले. तिचं रडणं थांबलं तेव्हा आईला जास्त भीती वाटली.

त्यांना सोडवायला आधी आलं ते एक बदक. तलावाच्या त्या काठाला पायांनी चालवायच्या, बदकाच्या आकाराच्या होड्या भाड्यानं मिळत, आणि एका तरुण जोडप्यानं बोट उभी राहताना पाहिली होती. ती दोघं जिवाच्या आकांतानं पायडल मारत होती आणि ते पांढरं बदक मान डोलवत, जणू फिरायला निघाल्यासारखं, तसूतसूनं पुढे येत होतं. एरवी या दृश्यावर आत्यानं आठवडाभर विनोद केले असते. बदकात दोनच जागा. त्यांनी खारूला आत ओढून दोघांच्या मधे बसवलं, जोडप्यातल्या मुलीनं स्वतःचा सदरा तिला गुंडाळला, आणि बाकीचे तिघं बदकाच्या शेपटीला धरून राहिले. मग, धक्क्यावरचा माणूस पलीकडून निघायच्या आतच, होड्या भाड्यानं देणारा माणूस आपली लाँच घेऊन आला आणि सगळे सापडल्याचं त्यानं धक्क्यावर कळवलं.

त्याच्या पत्र्याच्या खोलीत त्यांना घोंगड्या मिळाल्या, गरम पाणी मिळालं. खारूच्या ओठांचा रंग परत आला. जवळच्या दवाखान्यातली नर्स येऊन बाबांच्या कपाळाला पट्टी बांधून गेली आणि खारूची छाती तपासून फुप्फुसं स्वच्छ आहेत म्हणाली. बाबांनी तारेची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी सगळी. आईनं सांगितलं की टाचेला ओल लागली तेव्हाच मला कळलं होतं, मी गप्प बसले. खारूनं घोंगडीत तोंड खुपसलं. आतून ती म्हणाली की माझ्यामुळे. आई “नाही” म्हणाली, आणि तिनं तिला मांडीवर ओढून घेतलं.

त्यांची मोटार तलावाच्या पलीकडच्या काठाला, धक्क्याजवळ होती. काठानं जाणारा रस्ता लांबचा होता आणि पुलाचं काम चालू असल्यामुळे बंद होता. होडीवाला म्हणाला की मी लाँचनं पलीकडे सोडतो, आत्ता निघालो तर उजेडात पोहोचू.

कुणी उठलं नाही. मग तिघांनी आईकडे पाहिलं.

आई घोंगडी अंगाभोवती घट्ट घेऊन अनवाणी पाण्यापर्यंत गेली. लाँचच्या कडेला उभी राहून तिनं विचारलं, की फळी उचलता का. होडीवाल्यानं भुवया चढवल्या. पण तिचा चेहरा बघून तो वाकला आणि फळी उचलली. खाली वीतभर पाणी होतं. एवढं असतंच, तो म्हणाला.

“असेल,” आई म्हणाली. “आधी काढा. पंप चालतो का, तेही बघायचंय मला.”

त्यानं पंप लावला. भोंगा कर्कश्श वाजला आणि चौघंही दचकले. आईनं तो पूर्ण वाजू दिला. पाणी संपून पंप कोरडा खरखरायला लागला तेव्हा तिनं आत हात घालून तळ चाचपला, चार जॅकेटं मागून घेतली, प्रत्येकाचे चाप स्वतः लावले. बाबांचा चाप लावताना तिचा हात त्यांच्या छातीवर जरा जास्त वेळ राहिला.

“तुला भीती वाटतेय?” खारूनं विचारलं.

“खूप.”

“मग जायचं का?”

आईनं पुन्हा एकदा फळीखाली पाहिलं. “जाऊ या,” ती म्हणाली.

लाँच सुटली. पाणी राखाडी झालं होतं आणि काठ मागे पडत गेला. आई तळाशीच बसली, फळ्यांवर, आणि खारू तिला इतकी चिकटून की दोघींची जॅकेटं एकमेकांत रुतली होती. मागे बाबा आणि आत्या कुठेच न बघता बसले होते. इंजिनाचा आवाज जरा बदलला की चौघंही एकदम माना वर करत.

“आई, आता?” खारूनं कुजबुजत विचारलं.

आईनं फळीच्या फटीत बोटं घातली. “कोरडं आहे.”

थोड्या वेळानं खारू पुन्हा म्हणाली, “आता?”

पलीकडचा धक्का अजून बराच लांब होता. आईनं न बघताच “कोरडं आहे” असं म्हटलं नाही. तिनं पुन्हा वाकून बोटं आत घातली, शेवटपर्यंत नेली, काढून उजेडात धरली, आणि मगच सांगितलं.